संध्याकाळच्या वर्गातले डीकन

मायदेशातील आमच्या कॅथलिक धर्मप्रांतात विवाहित पुरुषांना कायमस्वरूपी डीकनपदासाठी, म्हणजे पुढे धर्मगुरू न होता त्यांच्या खालच्या दीक्षित सेवकपदावर राहण्यासाठी, तयार करावे आणि त्यांचे शिक्षण नोकरी व संसार सांभाळून बहुतांशी ऑनलाइन व्हावे, अशी सूचना पुढे आल्यापासून जो वाद पेटला आहे, तो मी इथे अमेरिकेत बसून वाचतो आणि दिवसेंदिवस चिडत जातो. ‘मोबाइलवर शिकलेला माणूस वेदीवर उभा राहणार काय?’ हा त्या वादातला सर्वांत टाळ्या मिळवणारा प्रश्न. तो विचारणाऱ्यांपैकी अनेकांनी 2020 च्या टाळेबंदीत मोबाइल भिंतीला टेकवून रविवारची मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, ऐकली होती, आणि तेव्हा पडद्यामुळे कृपा अडून राहिल्याची तक्रार त्यांच्यापैकी कोणी केल्याचे मला तरी आठवत नाही.

मी स्वतः इथल्या धर्मप्रांतात डीकनपदाचा उमेदवार आहे, तेव्हा माझे मत तटस्थ असल्याचा दावा मी करणार नाही. आमच्या वर्गात रात्रपाळी करणारा एक परिचारक आहे, शाळेत गणित शिकवणारे एक गृहस्थ आहेत आणि लांब पल्ल्याचा एक ट्रकचालक आहे, जो चर्चच्या आद्य आचार्यांवरील व्याख्याने हमरस्त्यावरील विश्रांतिथांब्यांवर ऐकतो. आठवड्यातून एका संध्याकाळी थेट वर्ग, उरलेली व्याख्याने सवडीने, महिन्यातून एका शनिवारी प्रत्यक्ष भेट आणि त्या भेटीला पत्नीही हजर, वर्षातून एकदा मौनसाधना, शिवाय रुग्णालयात किंवा कौंटीच्या तुरुंगात सेवा, असा आमचा क्रम आहे. बर्फ पडले की शनिवारचीही भेट पडद्यावर होते. प्रवचनाचा सराव चित्रित करून पाठवावा लागतो आणि परीक्षक धर्मगुरू त्यातील प्रत्येक पोकळ वाक्यावर बोट ठेवतात. व्यासपीठावरून उतरल्यावर ‘छान बोललात’ एवढेच ऐकण्याची सवय असलेल्या आमच्याकडील वक्त्यांनी हा अनुभव एकदा घ्यायला हरकत नाही.

हे सारे परदेशी खूळ आहे, असा दुसरा आक्षेप. विवाहित डीकनांची कल्पना दुसऱ्या महायुद्धात दाखाउच्या छळछावणीत डांबलेल्या धर्मगुरूंच्या आपसातील चर्चांत रुजली, जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये ती उचलून धरली, 1967 मध्ये सहावे पोप पॉल यांनी तिला नियमांची चौकट दिली आणि 1968 मध्ये कोलोनमध्ये पहिल्या दीक्षा झाल्या. सुखवस्तू देशांनी सोयीसाठी काढलेली ही टूम आहे, असे म्हणणाऱ्याने यातले दाखाउ तरी आठवावे. ऑनलाइन शिक्षणाबद्दल म्हणाल, तर 1998 मध्ये रोमने डीकनांच्या घडणीचे जे मूलभूत नियम प्रसिद्ध केले त्यांतच संध्याकाळ, शनिवार-रविवार आणि सुटीचे दिवस उपयोगात आणावेत आणि भौगोलिक अडचण असेल तिथे आधुनिक संपर्कसाधनांचा विचार करावा, असे म्हटले आहे. याच नियमांनी किमान तीन वर्षे आणि व्याख्याने व चर्चासत्रे मिळून किमान हजार तास अशी अटही घातली आहे. हजार तास म्हणजे काही पंधरवड्याचे शिबिर नव्हे.

सेमिनरीच्या, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या निवासी विद्यालयाच्या, भिंतींशिवाय घडण होत नाही, असे मानणाऱ्यांना मला एवढेच विचारायचे आहे की धर्मप्रांतांनी सेमिनऱ्या उभाराव्यात असा आदेश ट्रेंटच्या परिषदेने 1563 मध्ये दिला, मग त्यापूर्वीच्या पंधरा शतकांतील डीकन कुठे घडले? बायबलमध्ये प्रेषितांनी हात ठेवून नेमलेल्या सात जणांपैकी, म्हणजे परंपरेने पहिल्या डीकनांपैकी, फिलिप्पाने कूशच्या राणीच्या अधिकाऱ्याला यशया संदेष्ट्याचा उतारा समजावला तो चालत्या रथात. आमच्या ट्रकचालकाला ही कथा विशेष आवडते. अर्थात शिकणाऱ्याशेजारी फिलिप्प प्रत्यक्ष बसला होता, हे तिकडचे कोणीतरी मला सुनावील, आणि त्यावर माझ्यापाशी पुरेसे उत्तर नाही.

कारण पडद्याला जे जमत नाही ते जमत नाहीच. धूपदाणी कशी झुलवायची हे निदान पाहून तरी शिकता येते. मरणासन्न माणसाच्या खोलीत किती वेळ गप्प बसायचे हे त्या खोलीतच शिकावे लागते. डीकन मिस्सा अर्पण करत नाही, पापनिवेदन ऐकत नाही, आजाऱ्यांना तैलाभ्यंगही देत नाही. तो बाप्तिस्मा देतो, विवाह लावतो, शुभवर्तमान वाचून प्रवचन करतो, अंत्यविधी करतो, आणि उरलेला सगळा वेळ गरजूंच्या दारात उभा असतो. म्हणून आमच्याकडे ऑनलाइन आहे तो फक्त अभ्यास. माणूस कसा आहे हे धर्मग्रामातील लोक, तुरुंगातील कैदी आणि घरातील माणसे सांगतात.

घरातील माणसांचा विषय तर तिकडच्या वादात जवळजवळ निघतच नाही, आणि मला तेच सर्वांत खटकते. धर्मकायद्याप्रमाणे विवाहित उमेदवार किमान 35 वर्षांचा असावा लागतो आणि पत्नीची संमती असल्याशिवाय त्याला दीक्षा देता येत नाही. पुढे पत्नी वारली तर त्याला सर्वसाधारणपणे पुन्हा लग्न करता येत नाही. एका घराने कशाकशाला होकार द्यायचा, हा चर्चेचा विषय व्हायला हवा होता. त्याऐवजी मोबाइलवर काथ्याकूट चालला आहे. मला तर दाट शंका आहे की पडदा हे निमित्त आहे. कार्यालयात शेजारच्या टेबलावर बसणारा, बायकामुले असलेला गृहस्थ रविवारी वेदीजवळ दिसणार, हे खरे दुखणे आहे.

इतके ठणकावून लिहिल्यावर एक गोष्ट लपवणे बरे नाही. डीकनपदाची दीक्षा घेताच माणूस कायद्याने एका धर्मप्रांताचा होतो आणि तिथल्या बिशपांच्या आज्ञेत राहण्याचे वचन देतो. मी तो शब्द देणार आहे इथल्या बिशपांना. ज्या धर्मग्रामात माझा बाप्तिस्मा झाला, तिथे मी पुढे पाहुणा असेन, तेही इथले पत्र दाखवून. तिकडची सूचना प्रथम वाचली तेव्हा माझ्या मनात काय आले असेल? वर्ग ऑनलाइनच असेल तर इथला अभ्यास सोडून तिकडचा उमेदवार होता येईल, इथूनच शिकता येईल, आणि इतक्या वर्षांनी आपण पुन्हा तिथले होऊ. मी पत्राचा मसुदाही करायला घेतला होता.

पण ज्या माणसाला धर्मग्रामाने वर्षानुवर्षे पाहिलेले नाही, त्याच्या वतीने तिथे साक्ष कोण देणार? तेव्हा सूचना मांडणाऱ्यांना माझी एक दुरुस्ती आहे: वर्ग खुशाल ऑनलाइन ठेवा, वेळापत्रक हवे तितके लवचीक करा, मात्र उमेदवार तिथे राहणारा असावा अशी अट आधीच लिहून ठेवा. परदेशातून अर्ज येतील. ते घेऊ नका.