व्हाइटबोर्डवाली केटी पोर्टर आणि तिने सोडलेली सीट

केटी पोर्टर, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीची माजी डेमोक्रॅट खासदार, सुनावणीत व्हाइटबोर्डवर हिशोब मांडणारी. तिचं नाव काढलं की आमच्या इथल्या मराठी ग्रुपमध्ये लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो बाई नुसती क्लिप व्हायरल व्हावी म्हणून भांडायची, दुसरा म्हणतो अशी अभ्यासू बाई परत मिळायची नाही. मी दुसऱ्या तटातली. का ते आज नीट लिहिते, कारण व्हॉट्सअॅपवर हे लिहायला गेलं की मधेच कुणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकतं आणि विषय वाहून जातो.

भारतातल्या मंडळींसाठी आधी थोडं. ऑरेंज काउंटी म्हणजे लॉस एंजेलिसच्या खालचा पट्टा, डिस्नेलँडवाला. निक्सनचा जन्म इथला, आणि कित्येक दशकं हा रिपब्लिकन पक्षाचा बालेकिल्ला. 2016 ला हिलरी क्लिंटनला इथे जास्त मतं पडली तेव्हा 1936 नंतर पहिल्यांदाच अध्यक्षपदाच्या निवडणुकीत डेमोक्रॅट उमेदवाराने ही काउंटी घेतली होती. आम्ही राहतो ते अर्वाइन तेव्हा 45 व्या डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे संसदेच्या मतदारसंघात होतं, आणि तिथून डेमोक्रॅट खासदार कधीच झालेला नव्हता.

2018 ला तिथे पोर्टर उभी राहिली. यूसी अर्वाइनच्या लॉ स्कूलमध्ये शिकवायची, विषय दिवाळखोरीचा कायदा. हार्वर्डला एलिझाबेथ वॉरनची (पुढे सिनेटर झालेल्या) विद्यार्थिनी. आयोवात शेतावर वाढलेली, 80 च्या दशकात तिकडे शेतकरी कर्जात बुडाले, बँका बुडाल्या, ते सगळं तिने लहानपणी बघितलंय. शेतीच्या कर्जाने घरादाराचं काय होतं हे विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पुढे 2012 मध्ये कमला हॅरिस कॅलिफोर्नियाची अॅटर्नी जनरल असताना मोठ्या बँकांशी देशभराचं 25 अब्ज डॉलरचं मॉर्गेज सेटलमेंट, म्हणजे घरकर्जांबाबतची तडजोड, झाली, आणि कॅलिफोर्नियात बँका कबूल केल्याप्रमाणे लोकांना सवलत देतायत की नाही हे तपासायला हॅरिसने हिला नेमलं. म्हणजे राजकारणात यायच्या आधीच बँकेची कागदपत्रं उलटीपालटी करून बघायची सवय झालेली.

तिच्याच प्रायमरीत, म्हणजे नोव्हेंबरच्या आधीच्या पहिल्या फेरीत, तिच्याच लॉ स्कूलचा दुसरा प्रोफेसर उभा होता, डेव्ह मिन. राज्यातल्या पक्षाने एंडोर्स केलं मिनला. तो जरा मध्यममार्गी, ही 'मेडिकेअर फॉर ऑल', म्हणजे सगळ्यांना सरकारी आरोग्यविमा, उघडपणे मागणारी, त्यामुळे सगळ्या शहाण्यांचं म्हणणं की इतकी डावी बाई ऑरेंज काउंटीत आपटणार. प्रायमरीत ती मिनच्या पुढे गेली. मग नोव्हेंबरात समोर तेव्हाची रिपब्लिकन खासदार मिमी वॉल्टर्स, जिने 2017 मध्ये ओबामाकेअर (ओबामाचा आरोग्यविम्याचा कायदा) रद्द करायला मत दिलं होतं आणि वर ट्रम्पच्या टॅक्स बिलालाही. त्या टॅक्स बिलाने राज्याचा इन्कम टॅक्स आणि प्रॉपर्टी टॅक्स मिळून दहा हजार डॉलरच्या वर वजावट बंद केली. अर्वाइनमध्ये घर घेतलेल्या कुठल्याही मराठी कुटुंबाला विचारा, प्रॉपर्टी टॅक्सचं बिल, त्यावर मेलो-रूस (नव्या वसाहतींवरचा जादा कर), त्यावर एचओए (सोसायटीचा मेंटेनन्स), आणि मग तेव्हाची ती दहा हजारांची कॅप. जे आयुष्यात कधी राजकारणावर बोलले नव्हते ते टॅक्स रिटर्न भरताना बोलायला लागले. पोर्टरने नेमकं तेच धरलं. मतमोजणीच्या रात्री वॉल्टर्स पुढे होती, मग टपालाने आलेली मतं मोजत मोजत आठवडाभराने पोर्टर पुढे गेली आणि साधारण 52-48 ने निवडून आली.

आता मुद्द्याचं. तिने संसदेत गेल्यावर काय केलं?

एप्रिल 2019. जेपी मॉर्गन चेसचा सीईओ जेमी डायमन हाउसच्या (संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या) फायनान्शियल सर्व्हिसेस कमिटीसमोर, म्हणजे बँकांवरच्या कमिटीसमोर बसलाय. वर्षाचा पगार 3 कोटी 10 लाख डॉलर. पोर्टरने चेसच्या अर्वाइनमधल्या शाखेची नोकरीची जाहिरात शोधून आणलेली, ताशी साडेसोळा डॉलर. समजा एक बाई आहे, एकटी आई, सहा वर्षांची मुलगी, ही नोकरी धरलीय. टॅक्स कापून महिन्याला हातात 2,425 डॉलर. वन बेडरूमचं भाडं 1,600, आई आणि मुलगी एकाच खोलीत झोपणार. लाइट-पाणी 100. जुनी 2008 ची मिनिव्हॅन, तिचं पेट्रोल आणि बाकी खर्च 400. उरले 325. सरकारच्या हिशोबाने अगदी काटकसरीचा किराणा 400, म्हणजे इथेच 77 डॉलर खड्ड्यात. सगळ्यात स्वस्त फोन 40. शाळा सुटल्यावर मुलीला सांभाळायचे 450, कारण बँक उघडी असते तेव्हा आई बँकेत असते. दर महिन्याला 567 डॉलर कमी. आणि अजून औषध नाही, शाळेची ट्रिप नाही, कपडे नाहीत. मग पोर्टरने विचारलं, हे 567 त्या आईने कसे भरून काढायचे? तुमचंच क्रेडिट कार्ड घेऊन कर्ज काढायचं का? की तुमच्याच बँकेत ओव्हरड्राफ्ट करून वर त्याची फी भरायची? आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या बँकांपैकी एक चालवणारा माणूस पुन्हा पुन्हा म्हणतोय, मला विचार करावा लागेल.

इथे राहणाऱ्यांना माहितीय, 1,600 ला वन बेडरूम तेव्हाही शोधूनच मिळायचं, म्हणजे पोर्टरने हिशोब उदारपणेच मांडला होता. मी ती क्लिप बघताना वहीत आकडे लिहून बेरीज-वजाबाकी केली होती, दोनेक डॉलरचा फरक सोडला तर बरोबर येते. राजकारण्याचं बोलणं असं वहीत तपासून बघता येतं हीच मला मोठी गोष्ट वाटते. घोषणा नाही, रडारड नाही, किराण्याच्या यादीसारखा हिशोब.

आणि ज्यांना हे नुसतं नाटक वाटतं त्यांनी 12 मार्च 2020 आठवावा. कोविड सुरू होतोय, सगळे घाबरलेले, आणि टेस्टचा खर्च कोण करणार ते कुणालाच माहीत नाही. सीडीसीचा (साथरोगांवर काम करणाऱ्या सरकारी संस्थेचा) डायरेक्टर रॉबर्ट रेडफील्ड ओव्हरसाइट कमिटीसमोर, म्हणजे सरकारी कारभारावर नजर ठेवणाऱ्या कमिटीसमोर. पोर्टर व्हाइटबोर्डवर रक्त तपासणी, फ्लूच्या टेस्ट, इमर्जन्सी रूम अशी एकेक रक्कम लिहीत गेली, इन्शुरन्स नसलेल्या माणसाला 1,331 डॉलर. मग तिने नियम वाचून दाखवला की अशा साथीत तपासणीचा आणि उपचाराचा खर्च द्यायचा अधिकार सीडीसीला आहे, आणि विचारलं, तुम्ही तो वापरणार का, हो की नाही. तो टोलवत राहिला, ती सोडेना, तिच्याकडे पाच मिनिटं, आणि शेवटी तो हो म्हणाला. पुढच्या आठवड्यात काँग्रेसने मोफत टेस्टचा कायदाही केला. तो एकट्या तिच्यामुळे झाला असं मी म्हणत नाही, पण भर सुनावणीत त्या माणसाच्या तोंडून हो वदवून घेतलं ते हिने. पाच मिनिटांत कमिटीचे बाकीचे मेंबर स्वतःचं भाषण उरकतात हो!

आता विरोधकांचा एक मुद्दा खरा आहे आणि तो मान्य करायलाच पाहिजे. 2020 ला बायडन याच डिस्ट्रिक्टमध्ये साधारण अकरा टक्क्यांनी पुढे होता आणि पोर्टर सात टक्क्यांनी, म्हणजे बायडनला मत देऊन तिला न देणारी मंडळी होती. 2022 ला मतदारसंघांची फेररचना झाली, ती 47 व्यातून लढली, अर्वाइनसोबत हंटिंग्टन बीच, न्यूपोर्ट बीचसारखा अवघड किनारा वाट्याला आला, वर पेट्रोलचे भाव भडकलेले, आणि रिपब्लिकन स्कॉट बॉविरुद्ध जेमतेम नऊ हजारांच्या फरकाने ती निघाली. म्हणजे ती काही जादूगार नव्हती. पण तीनदा लढली आणि तीनदा जिंकली, तेही कॉर्पोरेट पॅकचे (कंपन्यांच्या निवडणूक निधीचे) पैसे न घेता, आणि 2019 च्या जूनमध्ये, पक्षनेतृत्व कचरत असताना, ट्रम्पविरुद्ध महाभियोगाची चौकशी सुरू करा असं उघड बोलून. अटीतटीच्या मतदारसंघातल्या खासदाराने मिळमिळीत बोलायचं असतं हा जो समज आहे ना, तो तिने मोडला. लोकांना तुमचं प्रत्येक मत पटलं पाहिजे असं काही नसतं, हा माणूस आपल्या पैशांची काळजी करतो एवढं पटलं तरी ते मत देतात. आमच्या बिल्डिंगमधले एक काका पक्के रिपब्लिकन, पण डायमनच्या क्लिपवर म्हणाले होते, बाईने त्याला बरोबर पकडला.

पक्षाने तिची किंमत ओळखली का? मला नाही वाटत. 2021 च्या जानेवारीत तिची फायनान्शियल सर्व्हिसेस कमिटीच गेली. त्या कमिटीसोबत दुसऱ्या कमिट्या हव्या असतील तर खास सूट लागते, तिने ओव्हरसाइट आणि नॅचरल रिसोर्सेसला वरचा क्रम देऊन सूट मागितली, ती मिळाली नाही. तिचा हिशोब चुकला असेल, पण जी बाई बँकांच्या सीईओंना घाम फोडते तिला बँकांच्या कमिटीत काहीही करून ठेवावं असं नेतृत्वाला वाटू नये? याचा मला अजूनही राग येतो.

आणि मग 2023 ची ती घोषणा. कॅलिफोर्नियाची सिनेटर डायन फाइनस्टाइन अजून निवृत्तीचं बोललीही नव्हती तेव्हा पोर्टर सिनेटसाठी उतरली. कॅलिफोर्नियाच्या प्रायमरीत पक्ष कुठलाही असो, पहिले दोन पुढे जातात. तिच्याच पक्षाच्या अॅडम शिफने जाहिरातींतून रिपब्लिकन स्टीव्ह गार्व्हीचंच नाव मोठं केलं म्हणजे नोव्हेंबरात सोपा प्रतिस्पर्धी मिळेल, आणि क्रिप्टोवाल्यांच्या फेअरशेक या सुपर पॅकने (हवे तेवढे पैसे प्रचारावर उडवू शकणाऱ्या गटाने) हिच्याविरुद्ध एक कोटी डॉलरच्या आसपास ओतले. मार्च 2024 मध्ये शिफ आणि गार्व्ही दोघं साडेएकतीसच्या आसपास, पोर्टर पंधरा टक्क्यांवर तिसरी. त्यानंतर तिने अब्जाधीशांनी निवडणूक 'रिग' केली, म्हणजे घोटाळा करून फिरवली, असं म्हटलं. तो शब्द वापरायला नको होता, 2020 नंतर तर नाहीच. आक्षेप पैशांवर होता तर पैशांचे आकडे मांडायचे, तेच तर तिला सगळ्यात छान जमतं.

पुढे तिची सीट राहिली डेमोक्रॅट्सकडेच, डेव्ह मिननेच 2024 ला बॉला तीनेक टक्क्यांनी हरवून राखली. शेजारच्या नव्या 45 व्यात तर डेरेक ट्रॅन 653 मतांनी आला, इतका इथला खेळ काठावरचा. मिन खासदार म्हणून ठीकच आहे, माझी त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण पोर्टरने तेव्हा घाई केली असं माझं स्पष्ट मत आहे. सिनेटमध्ये ती शंभरातली एक झाली असती, तेही बरेच दिवस ज्युनियर. हाउसमध्ये तिच्याकडे तिची पाच मिनिटं होती, आणि मागे असा मतदारसंघ होता जिथे दर दोन वर्षांनी तिला विरोधी पक्षाच्या मतदारालाही पटेल असं बोलावं लागायचं. राज्यभर लढताना हे सगळं पातळ झालं, तिथे टीव्हीच्या जाहिराती बोलतात.

2025 मध्ये ती गव्हर्नरपदासाठी उतरली आणि ऑक्टोबरात टीव्ही मुलाखतीत फेरप्रश्नांवर वैतागून उठायला निघाली ती क्लिप, आणि पाठोपाठ स्टाफवर ओरडल्याचा 2021 चा व्हिडिओ, दोन्ही सगळ्यांनी बघितले. मलाही आवडलं नाही. हाताखालच्या माणसावर असं ओरडणं चूकच, आणि ज्या बाईने दुसऱ्यांकडून हो की नाही वदवून घेतलं तिला स्वतःवर आलेले प्रश्न झेलता आले पाहिजेत. पण म्हणून आधीचं काम खोटं ठरत नाही. त्याच आठवड्यात ग्रुपवर एकाने लिहिलं, बघा, शेवटी निघाली ना नाटकी. त्याला मी डायमनवाली आणि रेडफील्डवाली, दोन्ही क्लिप परत पाठवल्या आणि म्हटलं आधी या दोन्ही पूर्ण बघ, मग बोलू. तुम्हालाही तेच सांगते, बघा आणि खाली लिहा, आज हाउसच्या त्या खुर्च्यांवरून असे प्रश्न कोण विचारतंय. मला खरंच नावं हवीयत.