‘शांत हो!’ हे ओरडूनच सांगावं

तुमच्या घरात १३ ते १९ वयाचं कुणी राहत असेल, तर त्याला भावनांवर ताबा ठेवायला शिकवणं हे तुमचं कर्तव्य आहे. पुण्यात हे काम सोपं, कारण दुसऱ्याने कसं वागावं हे इथे प्रत्येकाला आधीपासूनच माहीत असतं. पहिला धडा शक्यतो स्वयंपाकघरातून द्यावा. कुकरची तिसरी शिट्टी होत असताना, तिच्याही वरच्या पट्टीत, ‘शांत हो म्हटलं ना!’ असं म्हणावं. मूल शांत झालं नाही तर आवाज चढवावा. समोरच्या इमारतीतलं कुणी गॅलरीत येऊन डोकावलं, की पुरेसा चढला असं समजावं.

डॉक्टर मंडळी तुम्हाला मेंदूचं काहीबाही सांगतील. भावना उसळवणारा भाग वयात येतानाच जोरात कामाला लागतो. कपाळामागचा, विचार करून थांबवणारा भाग मात्र पंचविशीपर्यंत घडत राहतो. म्हणजे आपल्याकडच्या उड्डाणपुलासारखंच की! खांब दिसताहेत, पत्रे लागलेत, पूर्ण व्हायला वेळ आहे आणि खालून वाहतूक मात्र चालूच. हे ऐकून मान डोलवावी आणि घरी येऊन लेकराला विचारावं, ‘एवढा मोठा झालास, अजून अक्कल कशी नाही?’

झोपेचंही तेच. या वयात शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरू लागतं आणि झोप तर ८ ते १० तास लागते. म्हणून पहाटे साडेपाचला पंखा बंद करून उठवावं. हाक मारायची गरज नाही. मग साडेसहाची बॅच, मग शाळा, मग दुसरा क्लास, आणि रात्री ९ ला घरी आल्यावर हसतमुख असावं अशी माफक अपेक्षा ठेवावी. राज्य सरकारने २०२४ साली शाळा सकाळी ९ च्या आत भरवू नका असं सांगितलं, ते चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी. पाचवीत गेल्यावर झोप कशाला लागते?

आता शब्दांकडे वळू. भावनेला नेमकं नाव दिलं की तिचा जोर ओसरतो म्हणे. मेंदूत धोक्याची घंटा वाजवणारा जो बदामाच्या आकाराचा भाग आहे, तो नुसत्या नाव घेण्यानेही थोडा निवतो. मराठीत नावांना काय तोटा? हिरमुसणं, खट्टू होणं, ओशाळणं, भांबावणं, धुसफुसणं, जळफळाट, हुरहुर, काहूर. रुसणं वेगळं, फुगणं वेगळं, अबोला तर तिसराच. एवढं सगळं कपाटात घडी घालून ठेवावं आणि रोजच्या वापराला दोनच काढावेत: ‘चिडचिड’ आणि ‘नाटकं’. मुलगा असेल तर ‘मुलींसारखं काय रडतोस’ हे जादा. पैठणी काय रोज नेसतात?

घडलेलंच सांगतो. गेल्या महिन्यात आमची लेक क्लासवरून आली आणि दप्तर सोफ्यावर आपटलं. अख्खा ग्रुप एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला फर्ग्युसन रस्त्यावर गेला होता आणि हिला कुणी बोलावलंच नव्हतं. हे अर्थात नंतर कळलं. तेव्हा आम्ही पद्धतशीर निघालो.

‘काय झालं?’
‘काही नाही.’
‘काही नाही तर तोंड का असं?’
‘असंच आहे माझं तोंड.’

झालं! बायकोने दहावीचं वर्ष काढलं. मी आमच्या वेळचं काढलं, म्हणजे भर पावसात सायकल, एकच दप्तर आणि मार खाल्ल्यावर रडायलाही मिळायचं नाही ते. तोवर विषय दप्तर आपटण्याच्या संस्कारांवर आला होता आणि लेकीच्या डोळ्यांत पाणी. थोडक्यात, प्रगती होती.

पण आमच्या घरात आईही राहते. ती टीव्हीसमोर मेथी निवडत बसली होती. तिने काही विचारलं नाही, वर पाहिलंही नाही. नुसती अर्धी जुडी नातीकडे सरकवली. पंधरा मिनिटं दोघी खाली माना घालून पानं खुडत होत्या. मग खुडता खुडताच पोरीच्या तोंडून वाढदिवसाचं सगळं बाहेर पडलं. पानांबरोबर काड्याही भाजीत पडत होत्या, तरी आईने टोकलं नाही. ‘वाईट वाटतं गं असं,’ एवढंच म्हणाली. ना उपाय, ना तात्पर्य, ना दहावी. असला निष्काळजीपणा घरात चालू देऊ नये. मी लगेच म्हणालो, ‘आई, तू लाडावून ठेवतेस तिला.’

(इथे मिनिटभर थट्टा बाजूला. रोजची कुरकुर वेगळी. पण दोन आठवडे उलटले तरी मूल उदासच असेल, जेवण-झोप बिघडली असेल, जगण्यात अर्थ नाही असं काही बोललं असेल, तर मेथीवर विसंबू नका. डॉक्टर गाठा. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. ‘लोक काय म्हणतील’ हे त्या दिवशी लोकांवर सोपवा.)

तर, घरात आईसारखी माणसं असल्यामुळे मी लेकीला रीतसर कार्यशाळेला न्यायचं ठरवलं. विषय: रागाचं व्यवस्थापन. नळस्टॉपजवळ उलट्या दिशेने एक रिक्षा थेट आमच्या स्कूटरसमोर आली. आता नागरिकाचं कर्तव्य असतं. मी स्कूटर भर रस्त्यात स्टँडला लावली, हेल्मेट काढून हातात घेतलं आणि रस्ता कुणाच्या तीर्थरूपांचा आहे याची चौकशी सुरू केली. मागून लेक म्हणाली, ‘बाबा, दहा आकडे मोज.’ मी मोजले, पण रिक्षावाल्याकडे बोट रोखून, आणि प्रत्येक आकड्यानंतर एक शब्द जोडून. आम्ही पोहोचलो तेव्हा दीर्घ श्वासाचं सत्र संपलं होतं. मुलं सांगून शिकत नाहीत, पाहून शिकतात म्हणे. पाहू द्यावं. स्कूटरच्या मागच्या सीटवरून अगदी स्वच्छ दिसतं.

आणि ती पाहत होती, याचा पुरावा परवा मिळाला. गणिताच्या चाचणीचे मार्क शाळेच्या ग्रुपवर आले आणि मी मोबाईल हातात घेऊनच तिच्या खोलीकडे निघालो. तोंडात पहिलं वाक्य तयार होतं. दारावर वहीचा कागद चिकटवलेला:

‘दार वाजवावे. उत्तर न आल्यास तेच उत्तर समजावे. मार्कांसंबंधी सल्ला रात्री ९ नंतर स्विकारला जाणार नाही.’

सदाशिव पेठेत तीन पिढ्या काढल्याचं सार्थक झालं म्हणा. पण पहिला ‘स्वि’ ऱ्हस्व! दहावीला मराठी आहे आणि ‘स्वीकार’ लिहिता येत नाही? मी मार्क विसरलो. पुन्हा वाचलं. ‘समजावे’ बरोबर होतं, ‘मार्कांसंबंधी’वरचे अनुस्वारही जागेवर होते. बाहेर येऊन आईच्या चष्म्याच्या डबीपासून फ्रिजवरच्या टोपलीपर्यंत लाल पेन शोधलं, सापडलं, चालत नव्हतं, हातावर चार रेघा मारून चालू केलं आणि परत जाऊन वेलांटी दुरुस्त केली.

आतून आवाज आला, ‘दीर्घ असतो. माहितेय मला.’

‘मग चुकीचं का लिहिलंस?’

‘तू थांबतोस ना तेवढ्यात. आता ये आत, दार उघडंच आहे.’