सौ. सु. ग.

परवा रविवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास माझ्या कलाकृतीच्या ऐन पोटात बत्ता बसला. खलबत्त्यातला, लोखंडी. मारणाऱ्या बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, पण नेम असा की पहिल्या फटक्यात कॅरमची राणी खिशात जावी. आणि मी, त्या कलाकृतीचा निर्माता, खाली सुपली धरून उभा होतो. कारण बायको म्हणाली, "एम-सीलचा चुरा सोफ्यावर नको."

आधीचं चटकन सांगून टाकतो. आई जाऊन दोन वर्षं झाली. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांच्या माळ्यावर तिच्या भांड्यांची दोन पोती पडून होती. मोडीत घालवत नव्हती आणि ठेवायला जागा नव्हती. अशात मी बावीसशे रुपये भरून 'घरातल्या साध्या वस्तूंतून तुमची स्वतःची कला' अशा एका शिबिराला गेलो. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. तिने सांगितलं की १९१७ साली मार्सेल द्यूशाँ नावाच्या गृहस्थाने न्यूयॉर्कमध्ये मुतारीचं भांडं विकत आणलं, त्यावर 'आर. मट' अशी खोटी सही ठोकली आणि ते प्रदर्शनाला पाठवलं. पुढे १९४२ मध्ये पिकासोने सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं मुंडकं केलं. म्हटलं, मग माझ्या आईच्या झाऱ्यानेच काय घोडं मारलंय?

तीन आठवडे खपलो. चार बाय तीन फुटांचं प्लायवूड, त्यावर एक्केचाळीस वस्तू. वाट्या, झाकणं, झारा, दोन डाव, चहाचं गाळणं, सोऱ्याच्या चकत्या, किसणी, घासलेटच्या स्टोव्हची पिन, कुकरची शिटी. स्टीलवर ड्रिल घसरतं, आधी खिळ्याने खळगा पाडून घ्यावा लागतो, हे तिसरं बिट मोडल्यावर कळलं. मग भोकांचा नाद सोडला आणि एम-सील आणलं. दोन रंगांचे गोळे कणकेसारखे मळायचे, चिकटवायचं, रात्रभर विसरून जायचं. मधोमध एक खोलगट वाटी, तिच्याभोवती बाकीचा सगळा संसार रांगोळीसारखा पसरत गेलेला. खाली पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'या वाटीतून आईने मला दहीभात भरवला.' लिहिताना डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू. बायकोने तेवढ्यात विचारलं, "ह्याच्यावरची धूळ कोण पुसणार?"

तर रविवारी दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी पाण्याच्या टाकीच्या वर्गणीचा कागद घेऊन आल्या. दारातूनच त्यांची नजर टीव्हीच्या वर गेली.

"हे काय रे? रुखवत?"

"नाही मावशी, कलाकृती आहे."

"कोणाचं लग्न ठरलं?"

"लग्न नाही हो. आईच्या आठवणींची..."

"मग रुखवतच की. पण रुखवत लग्न झालं की उचलतात. हे किती दिवस ठेवणार?"

मला राग आला होता. पण खरं सांगू का, बाईंचं फारसं चुकलं नव्हतं. आमच्या घराण्यात एका लग्नात सुपाऱ्यांचे भटजी बसवले होते, त्यांना धोतर, शेंडी, जानवं सगळं होतं, आणि समोर लवंगांची समिधा. काडेपेट्यांचं देऊळ आत्याने केलं होतं. हे सगळं आपल्या बायका शतकानुशतकं करत आल्या, त्याला कोणी कला म्हटलं नाही. त्याचं पुढे काय व्हायचं? नवऱ्यामुलाकडच्या घरी पोचवायचं आणि त्यांच्या माळ्यावर कुजवायचं. मी मात्र बावीसशे रुपये मोजून तेच शिकून आलो. असो. मावशी चपला काढून आत आल्या, हे महत्त्वाचं.

त्यांनी खुर्ची ओढली, ती भिंतीला लावली, माझा हात धरून तिच्यावर चढल्या आणि चष्मा कपाळावर सरकवून वाटीला नाक लावलं. जहांगीर आर्ट गॅलरीत मी गेली तीस वर्षं जातोय. वर्गणीचा कागद काखेत धरून चित्र इतक्या जवळून बघणारा रसिक मला तिथे भेटलेला नाही.

"सौ. सु. ग.," त्यांनी वाचलं.

"हो. आईचं नाव."

"माझं नाव."

इथे थोडं आडवळण घ्यावं लागेल. पूर्वी भुलेश्वर-तांबाकाट्याकडच्या दुकानात स्टीलचं भांडं घेतलं की नाव घातल्याशिवाय ते पायरी उतरत नसे. आधी छिन्नी-हातोडीने टिंब टिंब करून, मग ते ट्रर्र आवाज करणारं मशीन आलं. आद्याक्षरं, तारीख, कधी 'मुंजीनिमित्त सप्रेम'. द्यूशाँने दुसऱ्याच्या भांड्यावर खोटं नाव घातलं तर जगभर त्याचं नाव झालं. आमच्याकडे खऱ्या नावांनी घोटाळे केले. आता दैवयोग असा की माझ्या आईचं आणि वडिलांचं नाव मिळून होतं सु. ग., आणि मावशींचं आणि काकांचं मिळूनही सु. ग.! एकाच जिन्यावर दोन सौ. सु. ग. पन्नास वर्षं नांदल्या आणि एकमेकींकडे अळूचं फदफदं, खीर, पुरणपोळ्या पाठवत राहिल्या.

"मावशी, आईचंही सु. ग. होतं ना."

"होतं. पण तुझ्या आईच्या भांड्यांवर 'सु'चा उकार आखूड. तिचा दुकानदार कंजूष. हा बघ, लांब, शेपटीसारखा. आमच्या ह्यांनी मुद्दाम काढून घेतला होता. आणि हा पोचा. थोरल्याने गॅलरीतून खाली टाकली होती, सत्त्याऐंशी साली. खाली इस्त्रीवाला होता. वाचला."

पोच्याची जन्मकथा सांगणारा माणूस समोर आला की वकिलालासुद्धा खटला मागे घ्यावा लागेल. मी तरी चिवटपणे म्हटलं, "अहो, पण आई मला ह्याच वाटीतून दहीभात भरवायची."

मावशी खुर्चीवरूनच वळल्या. "तुला दहीभात मी भरवलाय. तुझी आई जीपीओत, साडेसहाशिवाय यायची नाही. शाळेतून आलास की माझ्याकडे. कांजिण्या झाल्या तेव्हा पंधरा दिवस माझ्याकडेच. ताक घातलेला भात तोंडात घ्यायचास नि थुंकायचास."

पुठ्ठ्यावरचं वाक्य माझ्या डोळ्यांसमोर होतं. सहाच शब्द तर होते त्यात, आणि त्यातले दोन चुकीचे निघाले. मी काही बोललो नाही. बायकोने चहा टाकला. असल्या वेळी ती चहा टाकते.

मावशींची पाहणी पुढे चालू. एक्केचाळीसपैकी सात वस्तू त्यांच्या निघाल्या. चार वाट्या, एक झाकण, एक डाव, आणि चहाचं गाळणं. गाळण्यावर नाव नव्हतं. "नाव कशाला हवं? दांडी माझ्या हाताने वाकलीये." शिवाय दोन वाट्या तळमजल्यावरच्यांच्या. ते डोंबिवलीला गेले. "फोन करू का त्यांना?" मी हात जोडले.

"पण मावशी, आमच्याही काही तुमच्याकडे असतील की."

"असतील ना. पाच-सहा आहेत."

"मग त्या द्या. हिशेब फिट्टंफाट."

"त्या कशा देणार? त्या वापरात आहेत."

मी दोन दिवस या वाक्यावर विचार करतोय. उत्तर सुचत नाही, म्हणून जास्तच राग येतोय.

चंदीगडमध्ये नेक चंद नावाचा रस्ते-निरीक्षक फुटक्या बांगड्या, कपबश्या, फरश्या गोळा करून जंगलात गुपचूप मूर्ती उभ्या करत होता. कित्येक वर्षं कोणाला पत्ता लागू दिला नाही. १९७६ साली तेच रॉक गार्डन म्हणून लोकांना खुलं झालं. मला वाटायचं, सरकारी जागा म्हणून लपवलं असेल त्याने. आता शंका येते की त्या कपबश्या कोणाच्या होत्या. आणि आपल्या सुबोध गुप्तांनी २००६ मध्ये स्टीलच्या भांड्यांची प्रचंड कवटी केली, ती व्हेनिसला कालव्याकाठी उभी राहिली. तिथे खुर्ची ओढून नावं वाचायला आमच्या मावशी नव्हत्या, एवढंच नशीब.

नाही म्हणायला एक उदाहरण मला धीर देतं. जर्मनीत योझेफ बॉइसने लहान मुलांना अंघोळ घालायच्या टबला मलमपट्ट्या चिकटवून एक कलाकृती केली होती. १९७३ साली लेव्हरकुझेनच्या म्युझियममध्ये एका पक्षाचा मेळावा भरला, तेव्हा दोन कार्यकर्त्या बायकांना ग्लास विसळायला काही सापडेना. त्यांनी तो टब लख्ख घासून घेतला. पुढे प्रकरण कोर्टात गेलं आणि टबाच्या मालकाला भरपाई मिळाली. मी ही गोष्ट मावशींना तेव्हाच सांगितली. त्या म्हणाल्या, "बिचाऱ्यांनी घासून दिला आणि वर पैसेही भरायचे?"

तर मग बत्ता. मी आधी सुरीने प्रयत्न करून बघितला, एम-सील ढिम्म हललं नाही. मावशी स्वतः दोन जिने उतरून बत्ता घेऊन आल्या. पहिल्या ठोक्याला कुकरची शिटी उडाली, दुसऱ्याला चकलीची चकती, तिसऱ्याला वाटी. वाटीच्या बुडाला एम-सीलचा राखाडी गोळा तसाच राहिला. "राहू दे. बसायला बरी झाली, डुगडुगत होती पूर्वी," असं म्हणून त्यांनी ती पदराखाली घेतली. बाकीच्या सहा वस्तू 'सवडीने'. वर्गणीचा कागद सोफ्यावर राहिला. तो सोमवारी सकाळी आठला नातू घेऊन गेला, सहीसकट.

राग वाटीचा नाही. पण कसला आहे, तेही मला धड सांगता येत नाही. आमच्या मजल्यावर आता कोणी काही दिलंच तर हॉटेलच्या पार्सलच्या काळ्या प्लास्टिकच्या डब्यात देतं आणि दारातूनच सांगतं, "डबा परत नको हं." हे वाक्य मला शिवीसारखं लागतं. परत नको म्हणजे परत येऊच नका. इमारत पुनर्विकासाला जाणार म्हणून चार वर्षं ऐकतोय, हा तिसरा बिल्डर. उद्या सगळे भाड्याने कुठे कुठे पांगतील, कोणी वसईला, कोणी बदलापूरला. तिथे कोणाच्या वाटीवर कोणाचं नाव आहे हे बघायला खुर्ची कोण ओढणार आहे? आणि तरीही, मावशी, विचारून न्यायची होती. निदान चहा संपेपर्यंत थांबायचं होतं. मी तीन आठवडे खपलो होतो हो.

शिबिरातल्या मुलीला फोटो पाठवला, मधे खड्डा असलेला. तिचं उत्तर आलं, 'वा! ती रिकामी जागा फार बोलते.' तिला काय जातंय.

काल, मंगळवारी रात्री जेवायला बसणार तोच बेल वाजली. दारात मावशींचा नातू, हातात तीच वाटी. लांब शेपटीचा 'सु', पोचा, बुडाला राखाडी गोळा. आत शेवग्याच्या शेंगांची आमटी, वर आमच्याच आईच्या ताटलीचं झाकण. आखूड उकाराचं.

"आजीने सांगितलंय, वाटी धुऊन उद्या पाठवा. रिकामी नको."

बायकोने विचारलं, काय घालून पाठवायचं. मी म्हटलं, बघू. ताटली मात्र मी माळ्यावर नेऊन ठेवली, पोत्याच्या पार तळाशी.

आमटीत मीठ कमी होतं.