देवमासा, पाणघोडा आणि प्रेस्टिन: प्रतिक्रियेला उत्तर

सर, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आभार, उत्तर जरा लांबतंय, सांभाळून घ्या. तुमचा आक्षेप असा, की देवमाशाचा सगळ्यात जवळचा जिवंत नातेवाईक पाणघोडा हे मी नुसत्या डीएनएच्या भरवशावर ठोकून दिलं, आणि डीएनएही फसवतो, प्रेस्टिन बघा. प्रेस्टिनचं खरंच आहे. कानातल्या या प्रोटीनवरून 2010 साली नात्यांचं झाड काढलं तर गाईगुरांजवळ असायला हवा तो डॉल्फिन (देवमाशाच्याच कुळातला) जाऊन बसला वटवाघळांत! दोघंही प्रतिध्वनीवर शिकार शोधतात, त्यामुळे नैसर्गिक निवडीच्या रेट्याने दोन्हीकडे तेच बदल स्वतंत्रपणे झाले.

पण पुढचं सोडलंत की. काही बदलांत डीएनएचं अक्षर बदलतं पण प्रोटीन तेच राहतं, म्हणजे निवडीला ते जवळपास दिसतच नाहीत. त्याच जीनमधले फक्त असे बदल घेतले की डॉल्फिन गपचूप आपल्या घरी. चोरी पकडली ती सिक्वेन्सनेच, म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या क्रमानेच.

आणि पाणघोड्याचं प्रकरण एका जीनवर उभंच नाहीये. 1999 साली निकाइदो, ओकाडा वगैरे शास्त्रज्ञांनी अक्षरं जुळवत बसण्यापेक्षा साइन तपासले, म्हणजे जीनोममध्ये स्वतःच्या कॉप्या कुठेही चिकटवत सुटणारे छोटे तुकडे, एकदा घुसले की सहसा निघत नाहीत. पोथी उतरवताना एकाने भलतीच ओळ मध्ये घुसडली आणि दुसऱ्या पोथीतही ती नेमकी तिथेच निघाली तर तुम्ही काय म्हणाल? असे काही तुकडे देवमासा आणि पाणघोड्यात एकाच जागी आहेत, गाय, डुक्कर, उंट यांच्यात ती जागा मोकळी. पोहायला त्यांचा काडीचा उपयोग नाही, त्यामुळे 'दोघं पाण्यात राहतात म्हणून सारखे' हे इथे चालत नाही.

राहिलं तुमचं 'आधी हाडं, मग डीएनए'. हाडवाले कितीतरी वर्षं मुख्यतः दातांवरून देवमाशाला मेसोनिकिड नावाच्या नामशेष प्राण्यांशी जोडत होते. मग 2001 मध्ये पाकिस्तानातल्या पायवाल्या जुन्या देवमाशांचं घोट्याचं हाड प्रसिद्ध झालं, दोन्ही टोकांना कप्पीसारखं, अगदी बकरीचं असतं तसं, म्हणजे गाय, बकरी, पाणघोडा यांच्या समखुरी गटाची खूण. हाडं डीएनएच्या मागून तिथेच आली.

खरं भांडायचं तर यावर भांडा ना: देवमाशांचे जीवाश्म 5 कोटी वर्षांपूर्वीचे, पाणघोड्यांचे जेमतेम 2 कोटी, मग मधले कुठे गेले? पाणघोडे अँथ्राकोथेर नावाच्या नामशेष प्राण्यांतून आले हे उत्तर मला पटतं, केनियातला 2.8 कोटी वर्षांपूर्वीचा एपिरिजेनिस नेमका अँथ्राकोथेर आणि पाणघोडा यांच्या मधे बसतो, पण त्याचे दातच जास्त सापडलेत, आणि दातांचं काय होतं ते वर आलंच आहे.