आई मागवण्यापूर्वी वाचा

अमेरिकेत बायकोची बाळंतपणाची रजा बारा आठवडे, तीही कायद्याने बिनपगारी. तुम्हाला प्रत्यक्षात घेता येते ती त्याहून कमी. डे-केअरचा दर ऐकून तोंडचं पाणी पळालेलं. अशा वेळी औशाहून डॅलसला गेलेल्या माणसाच्या मनात एकदा तरी ओ-पेअर ठेवायचा विचार येतोच. येऊ द्या, पण बसायला पाट देऊ नका.

ओ-पेअर म्हणजे परदेशातून आलेली १८ ते २६ वयाची मुलगी किंवा मुलगा. तुमच्या घरात राहायचं, तुमची मुलं सांभाळायची. शब्द फ्रेंच, अर्थ 'बरोबरीने'. ती मोलकरीण नाही आणि पाहुणीही नाही, घरचीच समजायची. अमेरिकेत तिला जे-१ व्हिसा मिळतो, १९६१ च्या शैक्षणिक-सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या कायद्याखाली. हा कार्यक्रम कामगार खातं नाही, परराष्ट्र खातं चालवतं. तेव्हा रात्री दोनला लंगोट बदलणं हाही दोन राष्ट्रांमधला स्नेहसंबंध आहे, हे ध्यानात असू द्या.

पहिली ठेच मात्र उंबऱ्यावरच. यजमान आईबाप अमेरिकेचे नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले असावेत, असा नियम आहे. तुम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. ग्रीन कार्डच्या रांगेत तुमच्यापुढे एवढी माणसं, की पाळण्यातलं बाळच आधी मतदार व्हायचं.

तरी समजा, कार्ड आलं. आता पुढचं वाचा. आठवड्याला जास्तीत जास्त ४५ तास, दिवसाला १०. आठवड्याला दीड दिवस सुट्टी आणि महिन्यातून एक शनिवार-रविवार पूर्ण मोकळा. वर्षाला दोन आठवडे भरपगारी रजा. स्वतंत्र खोली. कॉलेजचे सहा क्रेडिट तिने घ्यायचे आणि त्याचे ५०० डॉलरपर्यंत तुम्ही भरायचे. तीन महिन्यांच्या आतलं बाळ तिच्या एकटीवर टाकून जाता येत नाही, घरात आई, बाप किंवा दुसरं जबाबदार मोठं माणूस हवं. दोन वर्षांखालच्या बाळासाठी २०० तासांचा अनुभव लागतो, तोही कागदोपत्री. ती बाळाचे कपडे धुईल, तुमचे नाही. बाळाचं खाणं करील, पण तुमची ज्वारीची भाकरी थापणार नाही. शिवाय तिला पाठवणाऱ्या एजन्सीची बाई दर महिन्याला विचारपूस करणार, आणि ही बाई तुमच्यापासून तासाभराच्या गाडीच्या अंतरावरच राहत असली पाहिजे. म्हणजे घरात विहीण आणि गावात तिचा भाऊ.

पैशाचा हिशेब तेवढा शिकण्यासारखा आहे. किमान रक्कम आठवड्याला १९५ डॉलर ७५ सेंट. ती अशी निघते: २००९ पासून जागचा न हललेला ७.२५ डॉलरचा ताशी किमान दर गुणिले ४५ तास, झाले ३२६.२५. त्यातून ४० टक्के राहण्या-खाण्याचे वजा. माणसाला घरचं म्हणायचं आणि घराचं भाडंही कापायचं, ही युक्ती फक्त परदेशातच सुचते असं नाही. खेड्यातून 'शिकायला' म्हणून लातुरात किंवा संभाजीनगरात आणून ठेवलेल्या पुतणीचे आपल्याकडे शंभर टक्के वळते होतात. अमेरिकेत मात्र मुली कोर्टात जातात. एजन्सींनी संगनमताने पैसे किमान पातळीवरच गोठवले, असा दावा डेन्व्हरच्या कोर्टात लागला आणि २०१९ मध्ये पंधरा एजन्सींनी साडेसहा कोटी डॉलरवर तो मिटवला. त्याच वर्षअखेर दुसऱ्या एका खटल्यात, मॅसॅच्युसेट्समध्ये ओ-पेअरला राज्याचा वेतन कायदाही लागू होतो, असा निकाल आला. युरोपकडे आशेने पाहू नका. १९६९ च्या स्ट्रासबर्ग कराराने तिथे दिवसाचे पाचच तास ठरवलेले, आणि नॉर्वेने तर २०२४ मध्ये ही योजनाच गुंडाळली.

आता शांत डोक्याने आईला याच नियमांच्या चाळणीत घाला. वय ६२, म्हणजे छत्तीस वर्षांनी जास्त. शिक्षण बारावीपर्यंत हवं, तिचं सातवीत सुटलेलं. मुलाखत इंग्रजीत. २०० तासांचा दाखला? तीन स्वतःची, दोन जावेची आणि एक नणंदेचं, अशी सहा पोरं वाढवली, पण कागद एकाचाही नाही. आई ओ-पेअर म्हणून साफ नापास. आनंदाची गोष्ट आहे. जी नियमात बसत नाही, तिला ४५ तासही लागू नाहीत आणि दीड दिवसही नाही.

तेव्हा व्हिजिटर व्हिसाच्या तयारीला लागा. डीएस-१६० फॉर्म तुम्हीच रात्री जागून भरा. जन्मतारीख पासपोर्टावर १ जूनच असणार, शाळेतल्या गुरुजींची कृपा, तीच घाला. फी १८५ डॉलर. मुंबईच्या दोन खेपा धरा: आधी बोटांचे ठसे, मग मुलाखत. लागोपाठच्या दिवशी मिळाल्या तर लातूर एक्स्प्रेसचं एकदाचंच जाणं-येणं. सातबारा आणि वडिलांचं पेन्शनचं पुस्तक बरोबर द्या. परत यायला कारण आहे हे दाखवायला ते लागतं असं म्हणतात. अधिकारी बहुधा कागद मागतही नाही, पण आईला खिडकीसमोर हातात धरायला काहीतरी हवं. "कशाला जाता?" या प्रश्नाला "नातवाला बघायला" हे उत्तर आठ दिवस घोकून घ्या. 'सांभाळायला' हा शब्द तोंडातून निघता कामा नये. बघणं म्हणजे पर्यटन, सांभाळणं म्हणजे काम, हा फरक तिला समजणार नाही. साठ वर्षांत तिने एकही गोष्ट नुसती बघितलेली नाही.

सामानात डिंकाचे लाडू, येसर, बाळंतशेपा चालतात. विमानतळावर उतरल्यावर मात्र तपासणीत ते आपणहून सांगायला लावा. ओला कढीपत्ता बॅगेत सापडला तर जप्त होतो, लिंबूवर्गीय झाडांचा रोग त्यातून पसरतो म्हणून. रक्तदाबाच्या गोळ्या पुऱ्या सहा महिन्यांच्या द्या, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसकट. विम्याची गंमत वेगळीच. जे-१ वाल्या मुलीचा दर आजाराला किमान एक लाख डॉलरचा विमा सक्तीचा आहे. आईला सक्ती नाही. तिच्यासाठी स्वस्त पॉलिसी घ्याल तर जुनी दुखणी बहुतेक त्यातून वगळलेली असतात, आणि तिची सगळी दुखणी जुनीच आहेत.

व्हिसा दहा वर्षांचा मिळाला म्हणून पेढे वाटू नका. राहायची मुदत उतरल्यावर ठरते, साधारण सहा महिने. तेवढ्यात बाळ मान धरतं, पालथं पडतं, बसू लागतं, आणि गावाकडे येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा शेतातला सण, होऊन जाते. त्या दिवशी वडील शेतातला कडब्याचा कोप, भज्जी आणि आंबिलाचं मडकं व्हिडिओ कॉलवर दाखवतील. यालाच सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणतात. दरमहा विचारपूस करणाऱ्या बाईचं कामही त्यांच्याकडेच सोपवा. ते रोज करतील: जेवलीस का, थंडी किती आहे, आणि विजेच्या बिलाची पावती कुठे ठेवलीस.

भांड्यांवरून एकदा खटका उडेल. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आलेलं तिने पाहिलंय. दोन ताटल्यांसाठी डिशवॉशर लावलेला तिला बघवणार नाही. ती रात्री बादलीभर पाण्यात सगळी भांडी घासून पालथी घालील. घासू द्या. ते पंचेचाळीस तासांत मोडत नाही, कारण पंचेचाळीस तास मंगळवारीच संपलेले असतात.

सहावा महिना संपत आला की सासूबाईंचं तिकीट काढा. दोघींचा मुक्काम तीन दिवस एकमेकींवर येईल असा बेत ठेवा, म्हणजे चार्ज देता-घेता येतो: मुगाच्या डाळीचा डबा कोणता, बाळ कोणत्या अंगावर झोपतं, कार सीटचा पट्टा कुठे दाबल्यावर सुटतो, थर्मोस्टॅटला हात का लावायचा नाही. पहिल्या दोन दिवसांत दोघी मिळून नव्वद भाकरी करून फ्रीझरमध्ये टाकतील. तिसऱ्या दिवशी आईला विमानतळावर सोडायला निघाल, तेव्हा कार सीट काढू नका, बसवायला अर्धा तास जातो. आईला पुढे बसवा.