क्लच प्लेटी का बदलल्या नाहीत? एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तक्रार थोडक्यात अशी, की तुम्ही आणून दिलेल्या नव्या क्लच प्लेटी आम्ही बसवल्याच नाहीत, नुसती कानस मारून मजुरी लावली, गाडी आठवडाभर अडकवून ठेवली, आणि एवढं करूनही घरी स्टँडवर क्लच दाबला तरी मागचं चाक फिरतंच. जळगावात टू-स्ट्रोक डर्ट बाइक चालवणारे मोजकेच, सगळे एकमेकांना ओळखतात. म्हणून फोन न करता इथेच सविस्तर लिहितो.

आधी चाकाचं, कारण स्टार तिथेच गेलेले दिसतात. तुमच्या यामाहा वायझेड १२५ चा क्लच ऑइलमध्ये चालतो. लिव्हर दाबली की प्लेटी सुटतात, पण त्यांच्यामध्ये ऑइलचा थर असतोच, आणि चाक अधांतरी असलं की तेवढा थरही त्याला फिरवायला पुरतो. कोरी गाडी स्टँडवर लावली तरी हेच दिसेल. मागचा ब्रेक हलकेच दाबून बघा. चाक थांबलं आणि इंजिन चालूच राहिलं, तर क्लच सुटतोय. खरं बघायचं ते जमिनीवर. इंजिन चांगलं गरम होऊ द्या, लिव्हर पूर्ण दाबून पहिला गिअर टाका. गाडी पुढे सरकते का? उभ्या उभ्या न्यूट्रल लागतो का? गाडी न्यायला आलात तेव्हा गॅरेजसमोर हे तुम्ही स्वतः करून पाहिलंत, आणि न्यूट्रल पहिल्या झटक्यात लागला होता.

आता प्लेटींचं. गाडी आमच्याकडे आली तेव्हा पहिला गिअर टाकला की धाडकन पुढे उडी मारून बंद पडायची. क्लच वायरचा ॲडजस्टर जवळजवळ शेवटच्या आट्यावर होता आणि लिव्हरला प्ले, म्हणजे वायर ओढली जाण्याआधीची सैल हालचाल, म्हणून नव्हताच. खरं तर लिव्हरच्या टोकाशी साधारण १० मि.मी. प्ले हवा. कुणी ताणली ते मी विचारलं नाही. आपल्याकडे क्लच सुटेना की पहिला सल्ला ठरलेला: "वायर ताण ना भो!" ताणली की दोन दिवस बरं वाटतं. पण प्ले संपला की लिव्हरला हात न लावताही क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. सुटत नव्हता तो आता घसरायला लागतो, म्हणजे दोन्हीकडून मार. त्यात तुम्ही म्हणालात की सगळा सराव गिरणेच्या पात्रात होतो. वाळूत चाक रुतलं की आपण क्लच अर्धा धरून रेस देतो, क्लचमध्ये एक फायबरची, एक स्टीलची अशा प्लेटी आलटून पालटून असतात; त्या घासून तापतात आणि स्टीलच्या प्लेटी वाकतात. वाकलेल्या प्लेटी पूर्ण सुटत नाहीत, मग वायर पुन्हा ताणली जाते.

तुमच्या आधीच्या फायबर प्लेटी याच फेऱ्यात जळाल्या असणार. दुसऱ्या गॅरेजने नवा फायबर सेट टाकला, पण स्टील प्लेटी आणि बास्केट, म्हणजे प्लेटी ज्यात बसतात तो डबा, होत्या तशाच ठेवल्या. आम्ही क्लच खोलला तेव्हा त्या फायबर प्लेटी व्हर्नियरने मोजल्या, जाडी व्यवस्थित भरली, कुठे जळकट डाग नाही. त्या काढून तुम्ही आणलेला आणखी एक नवा सेट कशाला घालायचा? स्टीलच्या प्लेटी मात्र कडेला निळ्या पडलेल्या. जाड काचेवर एकेक ठेवली आणि फिलर गेजची ०.२ मि.मी.ची पाती खाली सारली, तर काहींच्या खालून ती न अडखळता सरळ आरपार गेली. या स्टील प्लेटी जळगावात मिळत नाहीत. मुंबईहून कुरिअरने मागवल्या, आठवडा गेला तो त्यात. तसं त्या दिवशीच फोनवर कळवलं होतं.

मूळ दुखणं तर बास्केटचं होतं. फायबर प्लेटींचे कान बास्केटच्या बोटांमध्ये बसतात. बास्केट ॲल्युमिनियमची, कान सतत आपटून आपटून बोटांच्या कडेला खाचा पडतात. लिव्हर दाबल्यावर प्लेटींनी सरकून मोकळं व्हायला हवं, पण कान खाचेत अडकून बसतात. तुमच्या बास्केटच्या बोटावरून नख फिरवलं तर ते प्रत्येक खाचेत अडकत होतं. काढलेल्या ऑइलमध्येही चंदेरी चमक होती, ती याच घासलेल्या ॲल्युमिनियमची. अशा बास्केटमध्ये कितीही नव्या प्लेटी घाला, थोड्याच दिवसांत पहिले पाढे पंचावन्न.

"नुसती कानस" म्हणालात त्याबद्दल सांगतो. प्रत्येक बोट सारखं घासावं लागतं. एक जास्त घासलं गेलं तर सगळा भार उरलेल्यांवर येतो. जास्त खाल्लं तर फट वाढते आणि प्लेटी आणखी जोरात आपटतात. मग बास्केट धुऊन एकही कण आत राहणार नाही हे बघायचं. अर्ध्या दिवसाचं बारीक काम आहे, आणि हे काम शिकाऊ पोराच्या हातात देत नाही. मजुरी त्याची आहे.

ऑइलचं फार ताणत नाही. पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी वेगळं आणि गिअरबॉक्सचं वेगळं, हे तुम्हाला माहीत आहेच. पण गिअरबॉक्समध्ये ट्रॅक्टरच्या कॅनमधलं उरलेलं ऑइल नको. दाट ऑइलमध्ये प्लेटी चिकटून राहतात. आपल्या मे महिन्यात ते जाणवणार नाही, डिसेंबरात सकाळी सकाळी पालकडे सातपुड्यात गेलात की पहिल्याच गिअरला कळेल. आम्ही ओल्या क्लचचं योग्य ऑइल भरलंय, तेच पुढे चालू ठेवा.

कानस मारलेली बास्केट कायमची नाही, हे बिलावर लिहून दिलंय. या मोसमापुरती चालेल, पुन्हा खाचा पडल्या की नवीच घ्यावी लागेल. नुसती बास्केट बाहेरून मागवलीत तर मागच्या मोठ्या गिअरचे रिव्हेट ड्रिलने काढून तो गिअर तिच्यावर चढवावा लागतो, म्हणजे खर्च फक्त बास्केटचा नसतो. गिअरसकट आलेली मिळाली तर तीच घ्या.

तुमचं प्लेटींचं पाकीट सीलबंद परत दिलंय. दुकानदार घेत असेल तर परत करा, नाहीतर जपून ठेवा, पुढे लागेलच. स्टार किती द्यायचे तो तुमचा हक्क. तरीही क्लच सुटत नाही असं वाटत असेल तर गाडी घेऊन या, तुमच्यासमोर कव्हर खोलतो, तपासायची मजुरी घेणार नाही. फक्त येण्याआधी ॲडजस्टरला हात लावू नका.