ग्वांगजू एकगठ्ठा मत का देतं

दक्षिण कोरियात 3 जून 2025 ला राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. निकालानंतर धुळ्याहून मावसभावाचा फोन आला. ‘‘तुमच्याकडे बरंय ताई, लोक विचार करून मत देतात. आमच्याकडे नुसती गठ्ठा मतं.’’ मी राहते त्या ग्वांगजू शहरात डेमोक्रॅटिक पक्षाचे विजयी उमेदवार ली जे-म्यंग यांना 84.77 टक्के मतं पडली होती. शेजारच्या दक्षिण जोल्ला प्रांतात 85.87, उत्तर जोल्लात 82.65. देशभरात मात्र 49.42. याहून मोठा गठ्ठा कुठे सापडणार?

जोल्लाचे दोन्ही प्रांत आणि ग्वांगजू मिळून होतो होनाम, देशाचा नैऋत्य कोपरा. साठ-सत्तरच्या दशकातले लष्करशहा पार्क चुंग-ही यांच्या राजवटीत पोलादाचा कारखाना पोहांगला गेला, मोटारी नि जहाजं उल्सानला, इलेक्ट्रॉनिक्स गुमीला. सगळं पूर्वेच्या ग्योंगसांगमध्ये, म्हणजे पार्क यांच्या स्वतःच्या मुलखात. होनामकडे भातशेती राहिली आणि तिथली तरुण पोरं कामासाठी सोलला गेली. दांडेकर समितीने 1984 मध्ये मांडलेला मराठवाडा-विदर्भाचा अनुशेष ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे दुखणं ओळखीचं वाटेल.

पण होनामचं दुखणं तेवढंच नाही. मे 1980 मध्ये लष्करी कायद्याविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या ग्वांगजूच्या लोकांवर सत्ता बळकावणारे जनरल चुन डू-ह्वान यांच्या सैन्याने गोळ्या झाडल्या. दीडशेहून जास्त नागरिक मेले. वर सरकारने वर्षानुवर्षं त्यांनाच कम्युनिस्ट दंगलखोर ठरवलं. त्यामुळे 3 डिसेंबर 2024 च्या रात्री तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष यून सक-यौल यांनी पुन्हा लष्करी कायदा पुकारला, तेव्हा या शहराला त्याचा अर्थ कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. जूनमध्ये देशात सर्वाधिक मतदान इथेच झालं, जवळपास 84 टक्के.

हे मत आंधळं नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. ली होनामचे नाहीत, ते ग्योंगसांगमधल्या आनदोंगचे. 2002 मध्ये रोह मू-ह्यून यांना ग्वांगजूने 95 टक्के मतं दिली, तेही ग्योंगसांगचेच. आपल्या गावचा, आपल्या रक्ताचा एवढ्यावर हे शहर मत देत नाही.

समोरच्या पक्षाकडे बघा. 2017 मध्ये पुराणमतवादी उमेदवाराला ग्वांगजूत 1.55 टक्के मतं होती. ऑगस्ट 2020 मध्ये त्या पक्षाचे नेते किम जोंग-इन ग्वांगजूच्या स्मशानभूमीत हुतात्म्यांपुढे गुडघे टेकून बसले आणि त्यांनी माफी मागितली. 2022 मध्ये त्याच पक्षाचे यून 12.72 टक्क्यांवर गेले. लष्करी कायद्यानंतर, 2025 मध्ये, त्या पक्षाचा उमेदवार पुन्हा 8.02 वर आला. आकडे लहान आहेत, पण समोरच्याच्या वागण्याप्रमाणे ते हलतात.

गठ्ठ्याची किंमतही मोजावी लागते. तिकीट मिळालं की निवडून आलोच, असं स्थानिक पुढारी इथेही धरून चालतात. तरी 2016 मध्ये होनामने 28 पैकी 23 जागा एका नव्या पक्षाच्या पदरात टाकल्या, आणि एप्रिल 2025 मध्ये होनाममधल्याच दाम्यांग तालुक्याच्या प्रमुखपदाच्या पोटनिवडणुकीत बलाढ्य डेमोक्रॅटिक पक्षाला पाडलं. राष्ट्राध्यक्षासाठी एक हिशेब, गावच्या कारभारासाठी दुसरा. याला मी जागरूकपणाच म्हणते.

मावसभावाच्या मनात होतं मालेगाव. 2024 च्या लोकसभेत धुळ्यात भाजपचे सुभाष भामरे सहापैकी पाच विधानसभा मतदारसंघांत पुढे होते. एकट्या मालेगाव मध्यने काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना सुमारे 1 लाख 94 हजारांची आघाडी दिली आणि त्या 3,831 मतांनी जिंकल्या. मग ‘व्होट जिहाद’ हा शब्द प्रचारात आला. ग्वांगजू आणि मालेगावचा इतिहास एक नाही. पण मतदाराला शत्रू ठरवायची घाई तीच आहे, आणि ती मला चीड आणते.

मालेगाव मध्यमध्ये भामरेंना पाच हजारही मतं मिळाली नाहीत. यंत्रमागाच्या त्या शहरात त्यांचा पक्ष किती वेळा गेला, विजेच्या दराबद्दल कारागिरांशी काय बोलला, तिथल्या किती जणांना तिकीट दिलं? हे प्रश्न मी भावाला विचारले. त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते त्याने द्यायचंही नाही. ते पक्षाने द्यायला हवं, मालेगावात उभं राहून.